सैनिकाचे पत्र आणि सेन्सॉरचा शिक्का

लष्करी टपालाचा इतिहास दोन प्रकारची माणसे अभ्यासतात. काहींचे लक्ष पाकिटावर असते: शिक्क्यातला क्रमांक कोणता, तिकिटावर कोणती अक्षरे छापली आहेत, पत्र कोणत्या वाटेने आले. काहींचे लक्ष आतल्या मजकुरावर असते. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांचे टपाल हा विषय निघाला की या दोघांमधला मतभेद ऐरणीवर येतो, कारण तिथे पत्रे पोहोचवणारे खाते आणि पत्रे वाचणारे खाते शेजारी शेजारी बसून काम करत होते. पुढील संवादात या दोन बाजू लष्करी टपाल सेवेतून निवृत्त झालेले, पाकिटांचा संग्रह करणारे सुभेदार आणि महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या बाई यांच्या तोंडी घातल्या आहेत. संवाद कल्पिलेला आहे. त्यातल्या घटना इतिहासातल्या आहेत.

सुभेदार: बाई, पत्र कोणी वाचले हा प्रश्न नंतरचा. ते पोहोचले कसे, तिथून सुरुवात करू. १८५४ च्या टपाल कायद्याने हिंदुस्थानात अंतर कितीही असले तरी एकच दर, अशी व्यवस्था आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, मुंबई इलाख्यातली फौज इराणच्या मोहिमेवर बुशायरला गेली आणि तिच्यासोबत टपाल कचेरीही गेली. हिंदी फौजेबरोबर परदेशी गेलेली पहिली संघटित रणांगण टपाल कचेरी म्हणून तिचीच नोंद होते. मग १८६७-६८ ची ॲबिसिनियाची मोहीम, १८८२ चे इजिप्त, १९०० चे चीन. चीनला जाणाऱ्या फौजेसाठी तर हिंदुस्थानच्या तिकिटांवर ‘सी. ई. एफ.’ ही अक्षरे छापून दिली गेली. आणि हे करणारे लोक मूळचे लष्करातले नव्हते, मुलकी टपाल खात्यातले कारकून आणि पोस्टमास्तर होते. मोहिमेपुरता गणवेश चढवायचा, तंबूत टेबल मांडायचे आणि कामाला लागायचे.

बाई: ते श्रम मी नाकारत नाही, सुभेदारसाहेब. पण ही सोय सरकारने कशासाठी केली, हेही पाहायला हवे. घरच्या खुशालीची बातमी न मिळालेला शिपाई मन लावून लढत नाही, हे प्रत्येक सेनापतीला ठाऊक होते. टपाल हा शिध्यासारखाच युद्धसामग्रीचा भाग होता. तो द्यायचा आणि त्यावर नजरही ठेवायची, या दोन्ही गोष्टी एकाच हेतूतून आल्या.

सुभेदारांना हा हेतू एवढा सरळ वाटत नाही. त्यांच्या मते पोहोचवण्याचे काम इतके अवघड होते की ते करणाऱ्याला दुसरे काही सुचण्याची फुरसत नव्हती. ते समजण्यासाठी त्या व्यवस्थेची रचना पाहायला हवी.

१९१४ मध्ये हिंदुस्थानातून बाहेर पाठवलेल्या फौजांना इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाई: ‘ए’ फ्रान्सला, ‘बी’ आणि ‘सी’ पूर्व आफ्रिकेला, ‘डी’ मेसोपोटेमियाला, ‘ई’ इजिप्तला. त्यांच्या वापरासाठी पंचम जॉर्जच्या तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’ ही अक्षरे छापण्यात आली. घरून लिहिणाऱ्याने पत्त्यात गावाचे नाव घालायचे नव्हते. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि फौजेचे अक्षर एवढे पुरे. ती पलटण आज कुठे आहे हे फक्त तळावरच्या मुख्य टपाल कचेरीला माहीत असे, आणि तिथली यादी पलटणी हलतील तशी बदलत राही. त्या यादीप्रमाणे पत्रे वेगवेगळ्या थैल्यांत जात, थैल्या आगगाडीने आघाडीजवळच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत, तिथून मोटारीने किंवा खेचरावरून ब्रिगेडच्या फील्ड पोस्ट ऑफिसात. पलटणीचा टपाल शिपाई तिथे येऊन आपला गठ्ठा घेऊन जाई. या कचेऱ्यांच्या शिक्क्यावर गावाचे नाव नसे, केवळ क्रमांक असे. कोणता क्रमांक कोणत्या तारखेला कुठे होता याच्या याद्या संग्राहकांनी पुढे मोठ्या चिकाटीने जुळवल्या, आणि त्यामुळे आज नुसत्या पाकिटावरून एखाद्या तुकडीचा प्रवास मांडता येतो. फील्ड पोस्ट ऑफिसात मनिऑर्डर आणि बचत खात्याचे व्यवहारही होत. पगारातला भाग घरी पाठवणाऱ्या शिपायाच्या दृष्टीने ते पत्राइतकेच महत्त्वाचे होते.

समुद्र ही सगळ्यात कच्ची कडी होती. मार्सेलहून मुंबईकडे निघालेली ‘पर्शिया’ ही टपालबोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. त्यात तीनशेहून अधिक माणसे गेली.

सुभेदार: आता सांगा, बोटीची तारीख किंवा तळाचे नाव पत्रातून फुटले तर काय होईल? पलटणीतल्या अधिकाऱ्याने पत्र उघडे घ्यायचे, वाचायचे, सही करायची आणि मग टपालात टाकायचे, हा नियम गोऱ्या शिपायालाही होता. त्याला तर छापील कार्ड मिळे. ‘मी बरा आहे’, ‘मी दवाखान्यात आहे’ अशी वाक्ये आधीच छापलेली, नको ती खोडायची. वर एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट करण्यात येईल, अशी सूचना त्यावरच असे. सगळ्यांना सारखाच जाच होता.

बाई: सगळ्यांना सारखा नव्हता. गोऱ्या सैनिकाला १९१५ पासून हिरवे पाकीट मिळू लागले. आत केवळ घरगुती मजकूर आहे असे स्वतःच्या शब्दावर लिहून द्यायचे, मग आपल्याच पलटणीतला अधिकारी ते वाचत नसे. तळावर एखादेच उघडले जाई. म्हणजे सैनिकाच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो, हे लष्कराने मान्य केले होते. हिंदी सैनिकांच्या टपालासाठी मात्र पलटणीतल्या तपासणीवर आणखी एक स्वतंत्र कचेरी बसवली गेली. इव्हलिन हॉवेल हे हिंदुस्थान सरकारच्या राजकीय खात्यातले अधिकारी तिचे प्रमुख. आणि या कचेरीचे मूळ बोटींच्या तारखांत नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून १९१३ पासून निघणारे ‘गदर’ हे क्रांतिकारकांचे वृत्तपत्र आणि तसले साहित्य पलटणींत पोहोचेल, ही सरकारची धास्ती होती. म्हणून सुरुवातीला शिपायांना येणारी पत्रे तपासली जाऊ लागली, आणि पाठोपाठ त्यांनी लिहिलेलीही.

सुभेदार: धास्ती निराधार नव्हती. गदरची माणसे पलटणींत फितुरी करण्याच्या खटपटीत होतीच.

बाई: होती. पण हॉवेल यांचे अहवाल बघा. त्यांत फितुरीचा भाग थोडा. बाकी सारे शिपायाच्या मनाविषयी: तो खचला आहे का, जेवणाची तक्रार करतो का, फ्रेंच बायकांविषयी काय लिहितो, धाकट्या भावाला भरती होऊ नकोस असे सांगतो का. हिंदी सैनिकांच्या पत्रांत कविता वाढू लागल्या तेव्हा तेसुद्धा अस्वस्थतेचे लक्षण म्हणून नोंदले गेले. याला गुपित राखणे म्हणत नाहीत. ही मनाची झडती आहे.

बाईंचा हा मुद्दा कागदपत्रांच्या कसोटीला उतरतो. ही कचेरी मुख्यतः फ्रान्समध्ये बुलोन येथे, हिंदी फौजेच्या टपालतळाच्या सोबतीने चालली. १९१५ च्या मार्चपर्यंत फ्रान्समधले हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहू लागले होते. मूठभर माणसांनी एवढी पत्रे वाचणे अशक्यच होते. म्हणून त्यातली काही निवडून वाचली जात, उल्लेखनीय वाटलेल्या उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर होई, आणि दर आठवड्याच्या अहवालाला असे शंभरएक उतारे जोडले जात. अहवाल लंडनला युद्ध खात्याकडे आणि इंडिया ऑफिसकडे जात, वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांकडेही जात. प्रत्यक्षात अडवून ठेवलेली पत्रे फार नव्हती. सगळे बंद केले तर शिपाई दुसरी वाट काढतील, याची हॉवेल यांना जाणीव होती. त्यामुळे या कचेरीने पत्रे बंद करण्यापेक्षा वाचण्याचेच काम अधिक केले. तिचे स्वरूप हेरगिरीचे होते असे म्हणणे कठोर वाटेल, पण ते चुकीचे नाही.

सुभेदार: एक गोष्ट तुम्ही शहरी नजरेने बघता, बाई. खासगी पत्र म्हणजे आपण आज समजतो तशी वस्तू त्या काळी नव्हतीच. १९११ च्या शिरगणतीत साक्षरता शेकडा सहाच्या घरात होती. शिपाई सांगायचा, पलटणीतला कोणी लिहिणारा लिहायचा. गावात पोस्टमन पत्र आणायचा, मास्तर किंवा तलाठी वाचून दाखवायचा, ऐकायला निम्मी आळी जमायची. ज्या पत्राला आधीच पाच-पंचवीस कान होते, त्यात एक सेन्सॉर वाढला तर काय मोठे बिघडले?

बाई: बिघडले ते असे. ते पाच-पंचवीस कान शिपायाने स्वतः धरलेले होते. मास्तर पत्र वाचतो तो घरच्यांसमोर, घरच्यांच्या सांगण्यावरून, आणि वाचून झाले की उठून जातो. तो त्या मजकुराची टिपणे काढून युद्ध खात्याला पाठवत नाही. चारचौघांत वाचले जाणारे पत्र आणि सरकारी दप्तरात जाणारे पत्र यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिपायांना ते नेमके कळत होते. म्हणून तर ते आडून बोलायला शिकले.

आडून बोलण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मिरीचे आहे. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी संपत आली आहे, आता लाल वापरली जाते, पण तिखटपणा काळीचाच, अशा अर्थाचा मजकूर पत्रात जाई. वाचणाऱ्याला घरबसल्या कळे की आपल्या माणसांची किती हानी झाली आहे. सेन्सॉरलाही ते कळत होते. म्हणूनच ते उतारे अहवालात आले. काही शिपाई याहून वेगळी वाट धरत आणि जखमी होऊन मायदेशी परतणाऱ्या सोबत्याच्या हाती चिठ्ठी देत. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये डिसेंबर १९१४ पासून हिंदी जखमींचे इस्पितळ होते. अशा इस्पितळांतून लिहिलेल्या पत्रांतला सूर खंदकांतल्या पत्रांहून वेगळा आहे. तिथे शिपायाला आपण काय पाहिले याचा विचार करायला वेळ होता. त्यांपैकी अनेकांना या युद्धाची तुलना करायला महाभारताखेरीज दुसरे काही सापडले नाही.

सुभेदार: पण ते आज तुम्हाला माहीत कसे झाले? सेन्सॉरने उतरवून ठेवले म्हणून! मूळ पत्रे गावोगाव पोहोचली आणि बहुतेक नाहीशी झाली. वाळवी, पावसाळे, घरांच्या वाटण्या. हॉवेल यांची दप्तरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्याला तुम्ही मनाची झडती म्हणता, तिच्याशिवाय तुमच्या हाती एक ओळ लागली नसती.

बाई: बरोबर आहे. आणि हेच मला सलते. ज्या माणसाचे बोलणे आपण ऐकतो, त्याला ते आपल्याला ऐकवायचे नव्हते. शिवाय हाती काय लागते? मूळ भाषा गेलेली, मूळ अक्षर गेलेले, पुढचा-मागचा मजकूर गेलेला. उरला तो वीस हजारांतून शंभर निवडताना कोणा अधिकाऱ्याला महत्त्वाचा वाटलेला इंग्रजी तुकडा. गाईला वासरू झाले का, दादांचा खोकला थांबला का, कर्ज किती फिटले, असे लिहिणाऱ्या हजारोंचा उतारा कोण कशाला घेईल? अहवाल वाचून वाटते की शिपाई सतत तक्रार करत होते किंवा सतत राजनिष्ठा सांगत होते. त्यातले बरेचसे निवडीचे फळ आहे.

सुभेदार: म्हणून तर मी पाकिटावर भरवसा ठेवतो. शिक्का निवड करत नाही. जे पत्र आले त्याच्यावर तो उमटतो. खुशालीचे असो, तक्रारीचे असो. तारीख, क्रमांक, पलटण. खोटे बोलायला त्याला जागाच नाही.

बाई: शिक्का खोटे बोलत नाही, पण बोलतो तरी किती? माणूस कुठे होता एवढेच. कसा होता ते पाकिटावर लिहिलेले नसते.

मराठी वाचकाला या वादात एक खास अडचण जाणवेल. फ्रान्समधल्या अहवालांत पंजाबचे आणि वायव्य सरहद्दीकडचे आवाज फार मोठे आहेत, कारण भरतीच तिकडची जास्त होती. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह शापेलच्या लढाईत होत्या आणि त्यांत मराठे होते. परंतु मराठा पलटणींचा मुख्य वाटा मेसोपोटेमियातला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून कूट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. वेढ्यातून नेहमीचे टपाल निघणे शक्यच नव्हते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांत त्या महिन्यांत पत्र आले नाही, मनिऑर्डरही आली नाही, आणि नंतर कैदेतल्या माणसाचे नाव कळायला किती काळ गेला ते ज्याच्या त्याच्या नशिबावर होते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण त्या महायुद्धात कामी आल्याची नोंद गावातल्या फलकावर आहे. त्या सेहेचाळीस घरांत आलेली पत्रे हॉवेल यांच्या अहवालांत शोधून मिळणार नाहीत. फ्रान्सच्या अहवालांइतका समृद्ध आणि सलग संग्रह मेसोपोटेमियाच्या आघाडीचा नाही. या आघाडीबाबत सुभेदारांची पाकिटे आणि घरोघरच्या पेट्या हाच मोठा आधार उरतो, आणि इथे त्यांची बाजू बाईंपेक्षा बळकट आहे.

विलायतेतली व्यवस्था किती मोठी होती हे लक्षात घेतले की आपल्याकडची ही उणीव अधिक जाणवते. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये सैनिकांच्या टपालासाठी लाकडी इमारत उभारली होती. तिथे अडीच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया, काम करत आणि ऐन भरात आठवड्याला सव्वा कोटीच्या आसपास पत्रे हाताळत. तिकडच्या घराघरांत जपलेली पत्रे पुढे संग्रहालयांत आली. आपल्याकडे लिहिणारे कमी, जपणारे त्याहून कमी.

दुसऱ्या महायुद्धात तंत्र बदलले, तपासणीची रीत तीच राहिली. १९४१ मध्ये मध्यपूर्वेतून एअरग्राफ सुरू झाला. ठरावीक कागदावर लिहिलेल्या पत्राचा फोटो फिल्मवर उतरवायचा, फिल्म विमानाने न्यायची आणि पलीकडे छापून वाटायची. हजारो पत्रे हाताच्या ओंजळीत मावत. अर्थात हे पत्र सेन्सॉर, फोटो काढणारा, छापणारा अशा सगळ्यांच्या नजरेखालून जाई.

बाई: त्या युद्धातल्या सेन्सॉर अहवालांतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला, सगळीकडे धान्य महागले. मध्यपूर्वेत असलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांत घरच्यांच्या पोटाची काळजी भरून आली. सरकारने ती वाचली, तिचा गोषवारा काढला, मनोधैर्यावर परिणाम होतो म्हणून वर कळवले. वाचणाऱ्यांना सगळे ठाऊक होते. म्हणून म्हणते, टपाल वाचायचे असेल तर त्यावर काही करण्याची जबाबदारीही घ्यायला हवी होती.

सुभेदार: यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ते पाप टपालवाल्याच्या माथी मारू नका. थैली त्याने वेळेवर नेली.

हा भेद रास्त आहे आणि तो पाळायला हवा. तळ, बोटी, हालचाली यांची बातमी फुटू नये म्हणून पत्र पाहणे ही युद्धाची गरज होती. शिपायाच्या मनाचा ठाव घेण्यासाठी त्याचे घरगुती बोलणे वाचणे ही राज्यकर्त्याची गरज होती, आणि परक्या राज्यकर्त्याने ती भागवावी यात न्याय नव्हता. ज्या कारकुनांनी तंबूत कंदिलाच्या उजेडात पत्रे वेगळी केली त्यांचे श्रम पहिल्या गरजेइतकेच सच्चे होते.

स्वातंत्र्यानंतर ही सेवा भारतीय सैन्याकडे आली, आणि तिकिटांवर इंग्रजी आद्याक्षरांच्या जागी काही काळ देवनागरी दिसली. १९५३ मध्ये कोरियाला गेलेल्या तुकडीसाठी ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ अशी अक्षरे छापली गेली. पुढच्या वर्षी हिंदी-चीनमधल्या आंतरराष्ट्रीय आयोगासाठी काम्बोज, लाओस आणि वियतनामची नावे आली. काँगो आणि गाझातल्या शांतिसेनेसाठीही खास छापील तिकिटे निघाली. १ मार्च १९७२ रोजी आर्मी पोस्टल सर्व्हिस स्वतंत्र कोअर झाली. तिचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे आणि तिच्यात आजही मोठा भाग टपाल खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेल्यांचा असतो. ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ हा पत्ता ज्या घरांनी लिहिला आहे त्यांना तो पाठ आहे. जवान कुठे आहे ते त्यातून कळत नाही, पत्र मात्र पोहोचते. १९१४ मध्ये फौजेचे अक्षर लिहिण्यामागे हेच तत्त्व होते.

सुभेदार: एका बाबतीत आमच्या लोकांचे चुकले, ते सांगतो. पाकिटाला बाजारात किंमत येते, आतल्या मोडी कागदाला येत नाही. म्हणून विकणाऱ्यांनी पाकिटे ठेवली आणि पत्रे काढून टाकली. काहींनी तर फक्त तिकीट कापून घेतले.

बाई: आणि आम्ही मजकूर उतरवून घेतला, पाकिटाकडे पाहिले नाही. तारीख नसलेले पत्र मग कोणत्या आघाडीवरचे ते ठरवता येईना. तुमच्या शिक्क्याने ते चुटकीसरशी ठरले असते.

म्हणून ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबा फौजेत होते त्यांनी माळ्यावरची पेटी एकदा उघडावी. पत्र सापडले तर पाकिटासकट ठेवावे. तिकीट काढू नये, पाण्यात भिजवू नये, चिकटपट्टी लावू नये. पाठपोट दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. मजकूर मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावा आणि मराठीतच उतरवून ठेवावा. कोणाचे, कोणाला, कोणत्या गावी, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत आहे तोवर कागदावर लिहून घ्यावे. शक्य असल्यास त्याची एक प्रत जिल्ह्याच्या संग्रहालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहास विभागाला द्यावी.